निजतं रान

आण्णांच्या, आपल्या वडलांच्या, आयुष्यातला शेवटचा साधा दिवस मित्रानं पेपर तपासण्यात घालवला. सहामाहीचे चौसष्ट पेपर. पाचगणीची शाळा सोमवारी उघडणार होती आणि दिवाळीची सगळी सुट्टी फराळात, झोपेत आणि एका जाड कादंबरीत संपून गेली होती. सकाळी तेवढं आण्णांनी तिला गठ्ठ्यावरनं उठवून माळावर नेलं.

"चल गं संघमित्रा. कागदात तोंड घालून बसलीयास, मान आखडंल."

पुरं नाव ते मन खूश असलं तरच घेत. एरवी सगळ्यांची ती मित्राच.

घराच्या मागच्या अंगानं चढत गेलेला चौदा एकरांचा माळ. तो पणजोबांच्या वाट्याला आला तेव्हा दगडं तेवढी मोजून घ्या म्हणून गाव हसलं होतं. आता विट्याकडनं माणसं गवत बघायला येत. आण्णांनी माळाचे चार पट्टे पाडले होते. तीन पट्टे आळीपाळीनं चारायचे, आठ-आठ दिवस. चौथ्याला पावसाळाभर कुणाचं तोंड लागू द्यायचं नाही. गवत निसवायचं, बी धरायचं, बी झडायचं, मगच विळा. त्याला ते निजतं रान म्हणत. दर साली नवा पट्टा निजायचा. त्या साली सगळ्यात वरचा निजला होता. त्याच्या कडेनं चुना फासलेले दगड मांडलेले. माथ्यावर दगडी बांध, बांधात एक खिंड, आणि खिंडीपलीकडं तात्यांचं, म्हणजे आण्णांच्या धाकट्या भावाचं, लालासाहेबांचं रान. तात्यांच्या दोन गाई त्याच खिंडीतनं खालच्या तळ्यावर पाण्याला यायच्या. आजोबांनी वाटण्या केल्या तेव्हा एवढंच सांगून ठेवलं होतं: खिंड कुणी बुजवायची नाही.

आण्णा हिवराच्या बुंध्याला टेकले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख दोनदा घेऊन दोनदा मोडली होती, कारण गवतकापणी आली. पन्नास पावलांवरची गाय त्यांना धुरात उभी असल्यासारखी दिसायची.

"तुमाला दिसत न्हाई, मग गुरं राखता कशी?"

"कानानं." त्यांनी बोट उचललं. खालच्या पट्ट्यात चंदरीच्या गळ्यातली पितळी घाटी वाजत होती. "ऐक. टण... टण. मधी दम हाय. म्हंजे तोंड लागलंय, गवत हाय. भराभर वाजली की समजायचं, गवत सपलं, चालायला लागली. उठायचं, म्होरला पट्टा दावायचा."

"आणि वाजलीच न्हाई तर?"

"मग बसली. रवंथ चाललाय. मग म्या बी बसतो." ते हसले. "चंदरी जिकडं, बाकीची पाच तिकडं. तिची तेवढी घाटी ऐकायची, दुसरं काय न्हाई."

थोड्या वेळानं ते मान न वळवता म्हणाले, "लालाला दोनदा सांगितलं, कापल्या ज्वारीचा फुटवा नांगरून टाक. म्हंतो, गुडघ्याएवढा हू दे, वैरण हुईल. हितं एखादं जनावर खिंडीतनं वर गेलं तर?"

कापल्या ज्वारीच्या बुडख्यांना फुटलेला कोवळा पाला गोड असतो आणि विखारी असतो. गुडघ्याएवढा व्हायच्या आत खाल्ला की किराळ लागते. पोट फुगतं, पाय लटपटतात, आणि घटकेत जनावर आडवं. हे या घरात बोलायला शिकण्याआधी कळतं. मित्रानं हुंकार दिला. तिच्या डोक्यात उरलेले एकेचाळीस पेपर होते.

उन्हं कलल्यावर ती गोठ्यालगतच्या खिडकीशी बसली. चंदरीला माशा सतावत होत्या. दर दोन ओळींनी मान झटकायची, दर दोन ओळींनी घाटी. एका पोरानं निबंधात 'माझे वडील कधी रागावत नाहीत' असं सात वेळा लिहिलं होतं आणि मित्राला तिसऱ्या वेळेपासून पुढं सरकता येईना. ती उठून बाहेर गेली. गोठ्याच्या तोंडाशी आण्णांनी कुरणातनं उपटून काढलेली कुसळी पडली होती. ते गवत गुरांच्या जिभेत रुततं, म्हणून ते वेचून जाळायचे. तिनं मूठभर घेतली, पिळली आणि घाटीत कोंबली. कुसळं एकमेकांत अडकून बोळा घट्ट बसला. एक तिच्या उजव्या बोटात घुसलं. चंदरीनं मान झटकली. आवाज नाही.

सकाळी काढू, असं म्हणून ती आत गेली आणि उरलेले पेपर संपवले.

सकाळी साडेसहाची गाडी. आण्णा पिशवी घेऊन स्टँडपर्यंत आले. जाताना आईला ओरडून सांगितलं, "गुरं तू सोड गं आज. म्या असाच वर जातो." गाडीच्या खिडकीतनं त्यांनी शेंगांची पुडी दिली. "बी झडायला लागलंय वरच्या रानात. पुढल्या खेपंला ये तवा पायाखाली टोचंल."

साताऱ्याच्या स्टँडवर पाचगणीची गाडी लागायची होती, तेवढ्यात धाकट्या भावाचा, नागसेनचा फोन आला.

*

दहाव्या दिवशी सकाळी आण्णांचा जलदान विधी झाला. भन्तेजी गेले, पाहुणे जेवून गेले, मांडवाखाली उष्ट्या पत्रावळ्या तेवढ्या राहिल्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी आण्णांचा फोटो लागला होता. फोटोत त्यांचे डोळे स्वच्छ होते. वीस वर्षांपूर्वीचा फोटो.

गुरं त्या दिवसापासून गोठ्यातच होती. कोरडा कडबा खात होती. माळावर न्यायला कुणाचा पाय उचलत नव्हता.

"अक्का," प्रियंका भांडी घासता घासता थांबली. नागसेनची बायको. चार वर्षांत तिनं या घरात आवाज चढवला नव्हता. "आली बघा."

"कोण?"

"घाटी. चार वाजायला आले न्हवं."

मित्रानं कान दिला. वारा होता. कुठंतरी मोटार चालू होती. बाकी काही नाही.

"मला न्हाई येत ऐकू."

"असं कसं? रोज चारला. वरच्या रानातनं." प्रियंकानं राखेचा हात चढाच्या दिशेनं केला. "पयल्या दिवशी मला वाटलं, कुणाची तरी गाय शिरली. ह्ये वर जाऊन आले. एक काडी वाकल्याली न्हाई."

"नागसेनला येतं ऐकू?"

"त्यांनीच तर मला आधी इचारलं, तुला येतंय का म्हणून."

मित्राची आई जाईबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घाबरायचं काय त्यात? त्येंची गुरं हायती, त्ये चारत्यात." मग थोडं ऐकून, बाजारभाव सांगावा तशा आवाजात, "संथ हाय. तोंड लागलंय."

मित्रा गोठ्यात गेली. सहाच्या सहा गाई दाव्याला होत्या. एकही बसलेली नव्हती. सगळ्यांनी कान टवकारून माना माळाकडं केल्या होत्या. गव्हाणीत कडबा तसाच होता. चंदरीनं माशी उडवायला मान झटकली. घाटी हलली. आवाज नाही. बोळा होता तिथंच होता, वाळून पिवळा पडलेला.

तिला कळलं की गोठ्यातली घाटी मुकी आहे हे या घरात कुणाच्याच ध्यानात आलेलं नाही. आई रोज हिच्या अंगाला टेकून धार काढते, तिच्यासुद्धा. माळावरची वाजते, तेवढ्यानं त्यांचं भागतं. आणि जिला माहीत आहे तिच्या कानावर ती येत नाही.

तिनं बोट दाबलं. कुसळाचं टोक अजून आत होतं. तिथं काळा ठिपका धरला होता.

दाराशी टेम्पो थांबला. नागसेन उतरला. फलटणच्या कारखान्यात तो वजनकाट्यावर होता. दहा दिवसांची रजा आज संपत होती. टेम्पोत सिमेंटचे खांब होते आणि काटेरी तारेची वेटोळी.

"काय रं हे?" मित्रानं विचारलं.

"खिंड बुजवायची. आजच. म्या उद्या गेलो की कोण करणार?"

"आजोबांनी सांगितलंय..."

"आजोबांना ठावं हुतं का तात्या फुटवा राखणार ते?" त्याचे डोळे लाल होते. "दोनदा सांगितलं हुतं आण्णांनी. दोनदा, अक्का! त्या हिरव्या वासानं चंदरी वर गेली. आण्णा धावत चढ चढलं. डॉक्टर काय म्हणालं? धावलं म्हणून गेलं. कुणापायी धावलं?"

मित्रानं बोटातलं कुसळ पुन्हा दाबलं. दहा दिवस ती हेच करत होती.

त्या दिवशीचं आता सगळ्या गावाला पाठ होतं. आण्णा हिवराखाली बसले होते. गुरं वर निजत्या रानात शिरली, दगड ओलांडून खिंडीपर्यंत गेली, तरी ते उठले नाहीत. का उठले नाहीत, कुणाला कळेना. कुणी म्हणालं डोळा लागला असंल, कुणी म्हणालं आधीच छातीत दुखत असंल. मग कशानं तरी ते उठले आणि धावले. तात्यांना ते साडेदहाच्या सुमाराला सापडले, खिंडीत, दोन्ही हात बांधाला लावून बसलेले, जसं दार अडवावं. सहा गाई समोर ओळीनं उभ्या होत्या. एकीनंही पाय पुढं टाकला नव्हता. तात्या दुपारपर्यंत त्यांना हाकलू शकले नाहीत.

"नागसेन," जाईबाई म्हणाल्या, "भावजींना बोलव आधी. त्यांच्या माघारी न्हाई करायचं."

"मीच सांगितलंय त्यांस्नी वर यायला. बघू दे की डोळ्यांनी."

"त्यांच्या गाईंनी पाणी कुठनं प्यायचं?"

"रस्त्यानं फिरून न्यावं. दोन मैल चालल्या तर मरत न्हाईत. आमचा बाप मेला."

प्रियंका हळूच म्हणाली, "आवं, दोन मैल त्या चालतील, पर तात्या चालतील का? त्यांच्या गुडघ्याचं..."

"तू गप." मग त्यालाच कसंतरी झालं. "तसं न्हवं गं. पर कुणीतरी कायतरी भरायला पायजे का न्हाई?"

जाईबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि हात वर केला. सगळे थांबले. प्रियंकाचा चेहरा उतरला. नागसेननं माळाकडं पाहिलं. तिघं एकाच आवाजाकडं बघत होते. मित्रानं त्यांच्या तोंडांवरनं तो आवाज वाचायचा प्रयत्न केला.

"काय झालं?"

"चाल बदलली," जाईबाई म्हणाल्या. "भराभर वाजतीया. चालल्यात." त्यांनी पदर खोचला. "खिंडीकडंच चालल्यात. चला."

नागसेननं एक खांब आणि पहार खांद्यावर घेतली. तिघं पुढं झाले. मित्रा गोठ्यात वळली. चंदरी हलली नाही. मित्रानं तिच्या गळ्यातला पट्टा सोडला, घाटी काढली आणि ओढणीखाली धरली. एवढं पितळ, एवढं जड, आणि लाकडाच्या तुकड्यासारखं गप्प.

*

निजतं रान कमरेएवढं उभं होतं. पवना गवत पिकून तांबूस झालं होतं, खाली मारवेलीच्या पेरांना पेरं. पायाखाली झडलेलं बी टोचत होतं. इथं कुणी चालल्याची खूण नव्हती. दहा दिवसांपूर्वी सहा गाई आणि एक म्हातारा ज्या वाटेनं चढले तीसुद्धा मिटून गेली होती. गवत कापडासारखं सलग. तरी पुढं चालणाऱ्या जाईबाई मधेच डावीकडं सरायच्या, समोरनं जनावर आल्यावर वाट द्यावी तशा, आणि त्यांच्या मागं प्रियंकाही सरायची. नागसेनसुद्धा सरला. मित्रा सरळ चालत राहिली. एका जागी तिला गायीच्या अंगाचा ऊबदार वास आला, पुढच्या पावलाला गेला.

खिंडीत तात्या उभे होते. विधीला आले होते तोच पांढरा सदरा, पण हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. त्यांच्या मागं त्यांचं रान उघडं पडलं होतं. तीन एकरांत एक हिरवी काडी नव्हती. बुडखे सगळे उपटून ढीग घातले होते.

"बैल लावायचं व्हतं, भावजी," जाईबाई म्हणाल्या. "हातानं कशाला?"

"हातानंच ठेवला हुता, वयनी. हातानंच काढला." त्यांनी नागसेनकडं पाहिलं. "बुजव बाबा. तुझं खरं हाय. दादा दोनदा बोलला. म्या म्हणलं, आठ दिस थांब, चार पेंढ्या हुतील. चार पेंढ्यांपायी..." त्यांनी मागच्या ढिगाकडं हात केला. "गाई गावातल्या बिराप्पाला देऊन टाकतो. म्या जातो विट्याला लेकीकडं. हितं सकाळी उठून कुणाला तोंड दावू?"

"सोंगं नकोत तात्या."

"सोंग न्हवं रं. माझ्या कानावर बी येती ती घाटी. रोज. म्या रानात असलो की खिंडीपातुर येती आणि थांबती. दादा माझ्याकडंच आणतोय गुरं. सांगतोय, बघ, तुझ्यापायी." त्यांनी मातीचे हात सदऱ्याला पुसले. सदऱ्यावर दोन तांबडे पट्टे उठले. "किती दिस ऐकू?"

नागसेननं खांब खाली टाकला. पहार उचलली. पण मारली नाही. जाईबाई खिंडीच्या अलीकडच्या मोकळ्या जागेकडं बघत होत्या. प्रियंकानं नवऱ्याची बाही धरली.

"आली," तात्या पुटपुटले. "हितंच हाय."

वारा पडला. सगळ्या पट्ट्यातलं गवत उभं राहिलं, एक तुरा हलेना. मित्राला आपलंच रक्त कानात ऐकू येत होतं. पाचगणीच्या खोलीतलं कादंबऱ्यांचं कपाट तिला आठवलं. त्यात बाप मेलेल्या किती मुली होत्या, किती भाषांतल्या. त्या सगळ्या नेमकं काय बोलतात ते तिला पाठ होतं. त्यातलं एकही वाक्य इथं कामाचं नव्हतं.

जाईबाईंनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

"थांबली," त्या म्हणाल्या. "गप झाली. बसली वाटतं गुरं." आणि त्या दोन पावलं मागं आल्या, दिवस संपल्यासारख्या. "घे नागसेन. काय करायचं त्ये कर. आता बसल्यात, मधी न्हाई यायच्या."

नागसेननं पहार वर नेली. तात्यांनी खिंडीतनं पाय मागं घेतला, त्यांच्या रानाकडं.

"बसली न्हाईत," मित्रा म्हणाली.

आवाज इतका मोठा आला की तिलाच परका वाटला. चौघांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं ओढणीखालनं घाटी काढली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि हलवली. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा जोरात. काही नाही. मग तिनं दुखऱ्या बोटानं आतला बोळा ओढला. कुसळांनी धरून ठेवला होता, तुकड्या-तुकड्यांनी निघाला, बोटातनं रक्त आलं, तरी ती ओढत राहिली.

"आई, गुरं त्या दिवशी बसली न्हवती. घाटी मुकी हुती. आदल्या दिवशी संध्याकाळी मी बोळा घातला, पेपर तपासताना त्रास व्हायला लागला म्हणून. सकाळी काढायची विसरले. आण्णा मला गाडीत बसवून थेट हिवराखाली आले. त्यांना काही ऐकू येईना, म्हणून त्यांना वाटलं, रवंथ चाललाय. त्यांचा डोळा लागला न्हवता. ते ऐकत बसले हुते. तात्या, तुमी कुठं जाऊ नका. नागसेन, पहार ठेव. आण्णा माझ्यामुळं धावले."